झरोका उघडा आहे तोवर

आग्र्याच्या किल्ल्यात शिरलेला मराठी माणूस आधी एकच जागा शोधतो. शिवाजी महाराज कुठे उभे होते? मीही तीच शोधत गेलो होतो. शोधता शोधता यमुनेकडच्या तटावर पोहोचलो. खाली वाळवंट, पलीकडे नदीची धार, उजव्या हाताला वळणावर ताज. तिथल्या संगमरवरी झरोक्यापाशी उभा राहिलो आणि दुसराच प्रश्न मनात येऊन बसला. एका माणसाने रोज सकाळी या झरोक्यात येऊन तोंड दाखवायचं आणि एके दिवशी तो आलाच नाही, तर?

या प्रश्नाचं उत्तर १६५७ साली मिळालं आणि त्याची किंमत तीन शहजाद्यांनी प्राण देऊन चुकवली. पण ते कळायला शहाजहानचा रोजचा दिवस आधी पाहायला हवा. सुदैवाने तो नोंदलेला आहे. ‘पादशाहनामा’ लिहिणारा अब्दुल हमीद लाहोरी आणि दरबारचा मुन्शी चंद्रभान ब्राह्मण या दोघांनी बादशहाच्या दिनक्रमाचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढे जदुनाथ सरकारांनी असल्या नोंदींवरून तो दिवस आजच्या घड्याळात बसवला. दरबारची वेळ प्रहर आणि घटकांत मोजली जाई आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटं. म्हणूनच खाली सात चाळीस, नऊ चाळीस अशा अडनिड्या वेळा दिसतील. १६२८ ते १६४८ या वीस वर्षांतला, बादशहा आग्र्यात असतानाचा कुठलाही एक दिवस घ्या. तो दौऱ्यावर असला, तरी डेऱ्यांच्या गावात हेच वेळापत्रक चाले आणि झरोका तिथेही उभारला जाई.

पहाटे चार

उजाडायला दोन तास अवकाश आहे. बादशहा उठतो, वजू करतो, पश्चिमेकडे तोंड करून नमाजाच्या आसनावर बसतो. मग काही वाचन, थोडं चिंतन. दिवसभरात त्याला खरा एकांत लाभतो तो एवढाच, असं मला वाटतं. यानंतर झोपेपर्यंत कोणी ना कोणी त्याच्याकडे बघतच असतं.

सूर्योदय

झरोका पूर्वेला उघडतो. खाली, तट आणि नदी यांच्यामधल्या वाळूवर माणसं पहाटेपासून जमलेली. बादशहा दिसला की ती वाकून सलाम करतात, तोही हात उचलतो. ही चाल अकबराची. बादशहाचं मुख पाहिल्याशिवाय अन्न न घेणारेही काही लोक होते, त्यांना ‘दर्शनिये’च म्हणत. दर्शन हा आपला देवळातला शब्द बादशाहीने उचलला तो उगीच नव्हे. ज्याला कोणी वशिला नाही, असा गांजलेला माणूसही इथे, तटाखाली उभा राहून ओरडू शके. जहांगीरने तर गादीवर येताच साठ घंटांची सोन्याची साखळी करवून तिचं एक टोक शाहबुर्जाला आणि दुसरं नदीकाठच्या दगडी खांबाला बांधलं होतं.

पण दर्शनाचा मूळ हेतू न्यायाच्या आधीचा आहे. तैमूरच्या वंशात थोरल्याला गादी असा नियम नव्हता. बाप गेला की प्रत्येक मुलाचा हक्क सारखाच, आणि ज्याच्या मनगटात जोर त्याची गादी. अशा राज्यात ‘बादशहा जिवंत आहे’ ही बातमी रोज ताजी करावी लागते. सकाळी वाळूवर उभी असलेली ती माणसं घरोघर, बाजारोबाजार हीच बातमी नेत. बंगालपासून दख्खनपर्यंतचे सुभेदार आणि शहजादे आपापल्या जागी शांत बसत, ते या बातमीच्या भरवशावर.

दर्शनानंतर याच वाळूवर हत्तींच्या झुंजी होत. झुंज लावण्याचा अधिकार फक्त बादशहाचा, शहजाद्यांनाही तो नव्हता. २८ मे १६३३ ची झुंज मी कधीच विसरू शकत नाही. सुधाकर आणि सूरतसुंदर हे दोन हत्ती लढत लढत झरोक्याच्या अगदी खाली आले. जवळून पाहायला शहजादे घोड्यांवरून पुढे सरसावले. सूरतसुंदर मागे हटला आणि पिसाळलेला सुधाकर वळला तो औरंगजेबावर. पोरगा चौदा वर्षांचा. त्याने घोडा आवरून धरला आणि हत्तीच्या मस्तकावर भाला फेकला. सुळ्याच्या फटक्याने घोडा आडवा झाला, तसा खाली उडी घेऊन तो तलवार उपसून उभा राहिला. दारूकामाच्या धुरातून त्याचा भाऊ शुजा धावला, तर त्याचा घोडा बिथरला आणि त्याला पाडून मोकळा झाला. उजवीकडून राजा जयसिंह चालून गेला. पुरंदरच्या तहामुळे आपण ज्यांना ओळखतो, तेच हे मिर्झाराजे. तेवढ्यात सूरतसुंदर परत फिरला आणि सुधाकर पळाला.

बापाने पोराला पोटाशी धरलं, सोन्याने तोललं. हे सगळं त्याने वरून, झरोक्यातून पाहिलं होतं. चार मुलगे, चौघेही एकाच आईचे, मुमताजचे. आपल्यामागे यांचं काय होणार, हे स्वतः कोणत्या वाटेने गादीवर आला ते ठाऊक असलेल्या शहाजहानला त्या सकाळी दिसलं नसेल, असं मला वाटत नाही.

सात चाळीस

दिवाण-इ-आम. खांबांची रांग, मागच्या भिंतीत उंचावर बादशहाची बैठक. १६३५ च्या नवरोजपासून मोठ्या सणसमारंभांना मयूरासन मांडलं जाऊ लागलं. त्याला सात वर्षं लागली होती आणि एक कोट रुपये. खाली सगळे उभे. चांदीच्या कठड्याच्या आत कोण, लाकडी कठड्यापर्यंत कोण, त्याच्याबाहेर कोण, हे मनसबीवरून ठरलेलं. बसायचं कोणीच नाही. बादशहाने सांगितल्याशिवाय शहजाद्यांनीही नाही. गादीवर येताच शहाजहानने सिजदा बंद केला, कारण मस्तक टेकायचं ते अल्लापुढेच, आणि नंतर चार तसलीमांची, म्हणजे वाकून करायच्या सलामांची, रीत घालून दिली.

आता काम सुरू होतं. बक्षी मनसबदारांचे कागद पुढे ठेवतो : कोणाला बढती, कोणाची बदली, कोणाला खिलत. प्रांतोप्रांतीच्या वाकेनवीसांचे अहवाल येतात, शहजाद्यांच्या आणि सुभेदारांच्या अर्जदास्ती वाचल्या जातात. सद्र गरजू विद्वानांची प्रकरणं मांडतो. मग तबेल्यातले घोडे आणि पिलखान्यातले हत्ती समोरून नेले जातात. प्रत्येक जनावराचा रोजचा चारा सरकारातून ठरलेला असे आणि जनावर रोड दिसलं, तर राखणाऱ्याला जाब द्यावा लागे. वाचताना मी इथे नेहमी थबकतो. वाकेनवीस, बक्षी, अर्ज, फर्मान, दिवाण हे शब्द आपल्या मोडी दफ्तरांत, आपल्या आडनावांत अजून नांदताहेत. हा दरबार परका खरा, पण त्याची कारकुनी आपल्या घरात शिरून बसली आहे.

बुधवारी हे सगळं बंद असे. त्या दिवशी बादशहा झरोक्यातून थेट न्यायाला बसे. काझी, मुफ्ती हजर, आणि फिर्यादी एकेक करून पुढे. शुक्रवारी दरबारच नसे.

नऊ चाळीस

दिवाण-इ-खास. लोक याला गुसलखाना म्हणत, कारण अकबर जवळच्या न्हाणीघरातून आल्यावर इथे मोजक्या माणसांशी बोलत बसे. शहाजहानने नाव बदललं, पण लोकांनी ते उचललं नाही. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे. त्या वेळी आग्र्यात असलेल्या राजपूत कारभाऱ्यांच्या पत्रांवरून दिसतं की, १२ मे १६६६ रोजी महाराजांना यायला उशीर झाला, दिवाण-इ-आमचा दरबार उरकला होता आणि त्यांना गुसलखान्यातच पुढे आणलं गेलं. रांगांचा तो सगळा नियम लक्षात घेतला, की त्यांना मागच्या रांगेत उभं करणं म्हणजे काय होतं, हे कळतं. शब्दही न उच्चारता माणसाची जागा आणि किंमत सांगण्याची ती दरबारी भाषा होती. महाराजांना ती पुरेपूर कळली, म्हणूनच त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं.

शहाजहानच्या दिवसात इथे शाईचं काम चाले. काही फर्मानं तो स्वतःच्या हाताने लिही, बाकीची वजीर तयार करी आणि तो दुरुस्त करी. महसुलाचे हिशेब होत, इमारतींचे नकाशे येत. तो नकाशांत हात घालून बदल सुचवी. फर्मान पुरं झालं, की ते जनान्यात जाई, कारण शिक्का तिथे असे. तो मुमताज सांभाळी आणि १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात ती गेल्यावर जहाँआराकडे आला. सतरा वर्षांची मुलगी साम्राज्याचा शिक्का सांभाळत होती.

अकरा चाळीस

आता शाहबुर्ज. नदीवरचा हा अष्टकोनी बुरूज. इथे शहजादे आणि अगदी विश्वासातली तीन-चार माणसं, बस्स. नोकरांनीही बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. ज्याचं काम झालं त्याने निघायचं. उघड दरबारात वाचण्यासारखी नसलेली पत्रं इथे उघडत आणि दूरच्या सुभेदाराला काय लिहायचं, ते इथे ठरे.

या बुरुजात बसलेला माणूस स्वतः गादीपर्यंत कसा पोहोचला, ते आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी विसरू नये. कारण ती गोष्ट जुन्नरला सुरू होते. १६२२ मध्ये त्याने बापाविरुद्ध बंड केलं, हरला आणि १६२६ मध्ये दारा आणि औरंगजेब या दोन मुलांना ओलीस म्हणून जहांगीरकडे पाठवून दख्खनेत राहिला. थोरला भाऊ खुस्रो आधीच गेला होता. त्याचे डोळे जहांगीरने घेतले होते आणि मरण बऱ्हाणपुरात याच धाकट्या भावाच्या कैदेत आलं. १६२७ च्या शरदात जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत वारला. शहाजहानचा सासरा आसफखान याने बनारसी नावाचा हरकारा आपली अंगठी खूण म्हणून देऊन दक्षिणेला पिटाळला. वीस दिवसांत तो जुन्नरला पोहोचला. तोवर जागा रिकामी राहू नये म्हणून आसफखानाने खुस्रोच्या मुलाला, दावरबक्षाला, तख्तावर बसवून ठेवलं होतं. शहाजहान गुजरातमार्गे आग्र्याला निघाला आणि वाटेतून त्याने स्वतःच्या हाताने हुकूम लिहून पाठवला. लाहोरात पाच जणांना मारलं गेलं : भाऊ शहरियार, पुतणे दावरबक्ष आणि गुर्शास्प, चुलतभाऊ तहमूरस आणि होशंग. जुन्नरहून निघालेला शहजादा १६२८ च्या आरंभी आग्र्यात बादशहा झाला. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म व्हायला तेव्हा दोन वर्षं होती.

त्या पाच नावांवरून इतिहासाची पुस्तकं एका ओळीत पुढे जातात. मला तसं जमत नाही. शाहबुर्जात दारा, शुजा आणि औरंगजेब बापासमोर उभे राहून राज्यकारभार शिकत होते, तेव्हा हा धडाही त्यांच्या पाठ होता. वेगळा गिरवून घ्यायची गरज नव्हती.

दुपार

बारा वाजता जनान्यात जेवण, तासभर वामकुक्षी. मग एक काम, ज्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. सतीउन्निसा नावाची मुमताजच्या विश्वासातली विदुषी गरजू बायकांची प्रकरणं बेगमेपुढे मांडी : विधवा, अनाथ मुली, हुंड्यासाठी अडलेली लग्नं. बेगम ती बादशहाच्या कानावर घाली. कोणाला जमीन, कोणाला तनखा, कोणाला दागिने आणि लग्नाचा खर्च मिळे. मुमताजनंतरही हे थांबलं नाही.

चार वाजता नमाज, गरज पडली तर पुन्हा दरबार, रात्रीच्या चौकीवर जाणाऱ्या मनसबदारांची सलामी. किल्ल्याचा पहारा सात वारांत वाटलेला असे. मोठमोठ्या सरदारांनाही आठवड्यातून एकदा आपल्या पाळीने राखणीला यावंच लागे. संध्याकाळी गुसलखान्यात दिवे लागत, थोडं काम, थोडं गाणं. आठ वाजता नमाज आणि काम उरलं असेल तर वजीर-बक्षींसह पुन्हा शाहबुर्ज. साडेआठला जनान्यात बायकांचं गाणं.

रात्री दहा

बादशहा पलंगावर आहे. पडद्याआड बसून वाचक वाचतो. प्रवासवर्णनं, पैगंबरांची चरित्रं, जुन्या राजांचे इतिहास. त्याच्या खास आवडीचे विषय दोन : तैमूरचं चरित्र आणि बाबराच्या आठवणी. तैमूरच्या ‘साहिब-ए-किरान’ या बिरुदावरून शहाजहानने स्वतःला ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’, म्हणजे दुसरा, म्हणवलं होतं. आणि बाबराच्या पुस्तकाची सुरुवातच बाराव्या वर्षी गादीवर आलेल्या पोरापासून होते. त्याच्यावर चालून येणारे त्याचेच काका-मामा असतात. रोज रात्री, झोप लागेपर्यंत, त्या बादशहाच्या कानांवर आपल्या घराण्याची हीच कहाणी पडत होती. साडेदहाला दिवे मंद होत. पुन्हा पहाटे चार.

६ सप्टेंबर १६५७

आता राजधानी दिल्लीला आहे. शहाजहानचं वय पासष्ट. लघवी कोंडली, पाय सुजले, ताप भरला. सकाळ झाली आणि झरोका रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशीही. जवळजवळ आठवडाभर.

दारा बापाच्या उशाशी रात्रंदिवस बसून होता. आत मोजक्यांनाच प्रवेश होता. भावांचे दरबारातले वकील त्याने नजरेखाली ठेवले आणि बंगाल, गुजरात, दख्खनेकडे जाणाऱ्या वाटांवरचे हरकारे अडवले. त्याचा हेतू गोंधळ टाळण्याचा असेल. मला दाराविषयी माया आहे, उपनिषदांचा फारसी तर्जुमा करवणारा तो शहजादा होता. पण ही त्याची चूक त्याच्या जिवावर बेतली. बातमी थांबली की तिच्या जागी अफवा येते. बादशहा मेला आणि दारा ते लपवतो आहे, हे तिन्ही भावांनी मनोमन धरून टाकलं. पुढे शहाजहान बरा झाला, आग्र्याला आला, त्याच्या हातची, शिक्क्याची पत्रं गेली. भाऊ म्हणाले, हे अक्षर दाराने गिरवलेलं आहे. गुसलखान्यातलं हस्ताक्षर आणि जनान्यातला शिक्का, दोहोंची किंमत झरोक्यातल्या चेहऱ्यावर उभी होती. तो चेहरा आठवडाभर दिसला नाही आणि सगळा कागद खोटा ठरला.

शुजाने राजमहाल या शहरात स्वतःला बादशहा म्हणवलं, सर्वांत धाकट्या मुरादने अहमदाबादेत. औरंगजेबाने तसं काही केलं नाही. तो विजापूरकरांविरुद्धच्या बीदर-कल्याणी मोहिमेतून मोकळा होत होता. त्याची पाठ वळतेय हे ओळखून शिवाजीराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब औरंगाबादेहून निघाला, आजारी बापाला भेटायला निघालो आहे असं सांगत. एप्रिलमध्ये धर्मातची लढाई, मेअखेर सामूगढची. दाराचा पक्ष दोन्हीकडे बुडाला. ऑगस्ट १६५९ मध्ये त्याला दिल्लीत मारलं. मुरादला दगा देऊन पकडलं आणि १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात संपवलं. शुजा आराकानात गेला तो परतला नाही.

शाहबुर्ज, कुठलीही वेळ

सामूगढनंतर बादशहा आग्र्याच्या किल्ल्यात दारं लावून बसला. किल्ला तोफांनी पडेना. औरंगजेबाने नदीकडचा दरवाजा रोखला आणि यमुनेचं पाणी तोडलं. आतल्या विहिरींचं पाणी तोंडात घेववेना. जूनचा उन्हाळा. ८ जून १६५८ ला दारं उघडली.

पुढची साडेसात वर्षं शहाजहान त्याच महालांत होता. दिवाण-इ-आम नाही, बक्षी नाही, हत्ती नाहीत. कोणाला पत्र लिहायचं तर तेही पहारेकऱ्यांच्या मर्जीने. मोत्यांची जपमाळ मुलाने मागितली, तेव्हा तो म्हणाला की, ती देण्यापेक्षा खलबत्त्यात कुटून टाकीन. कनौजचा एक सय्यद येऊन धर्मग्रंथ वाचून दाखवी. जहाँआरा आपण होऊन बापाबरोबर कैदेत राहिली होती. एकेकाळी तिच्या हातात शिक्का होता, आता औषधाची वाटी होती. मी हे लिहितो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो बुरूजच येतो, कारण ज्या जागी बोलावल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे, तिथे आता बोलावूनही कोणी येत नव्हतं. औरंगजेब तर एकदाही आला नाही. बाप जिवंत असेतो त्याने पुन्हा आग्र्याला पाय लावला नाही.

जानेवारी १६६६ मध्ये शहाजहान शाहबुर्जात वारला. जवळ जहाँआरा होती. तिची इच्छा होती की बापाला बादशहासारखं न्यावं, पण तसं काही झालं नाही. बुरुजाच्या तळाचं बंद केलेलं दार उघडण्यात आलं आणि मोजक्या माणसांनी मयत बाहेर काढलं. दर्शनाला आलेले लोक ज्या वाळूवर उभे राहत, तिच्यावरूनच ते नावेपर्यंत नेलं आणि यमुनेतून ताजकडे.